जलरंगाचा सराव मोडतो कुठे, आणि टिकतो कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, बँकेत नोकरी, शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेत ए ग्रेड. लॉकडाउनमध्ये पुन्हा जलरंग हातात घेतलेत, तीन-चार महिने रोज काही ना काही काढलंत, मग खंड पडला. त्यानंतर दोनदा नव्यानं सुरुवात केलीत आणि दोन्ही वेळा महिन्याभरात गाडी थांबली. भारीतला कागद आणि ट्यूबा कपाटात पडून आहेत. ‘माझ्यात शिस्त कमी आहे का? रोज किती वेळ द्यावा?’

वीस वर्षं बँकेत वेळेवर जाणाऱ्या माणसात शिस्त कमी आहे, हे मला पटत नाही. मी ३१ वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि माझा स्वतःचा सराव तीनदा मोडलेला आहे. एकदा तर तब्बल सहा वर्षं. मी ड्रॉइंगच्या बाई, रोज पोरांना रंगवायला लावायची, आणि घरी स्वतःची पेटी उघडत नव्हते. तेव्हा मीही शिस्तीलाच दोष द्यायचे. पुढे लक्षात आलं की दर वेळी माती खाल्ली ती दोनच ठिकाणी: एक मांडामांड, दुसरं बिघडलेला कागद. वेळ हे तिसरं कारण, पण ते फार खालचं.

आधी बिघडलेल्या कागदाबद्दल. आपल्याकडे कशालाही रियाज म्हणायची पद्धत आहे. चित्रकलेला तो शब्द लावला की मला थोडं खटकतं. गाणाऱ्याचा सूर लागला नाही तर तो हवेत विरून जातो, दुसऱ्या दिवशी त्याची खूण उरत नाही. आपला बिघडलेला कागद मात्र टेबलावर पडून राहतो. सकाळी चहा घेताना दिसतो, घरात आलेला माणूस उचलून बघतो, ‘हे झाड आहे का?’ असं विचारतो. सलग चार दिवस असे कागद साचले की पाचव्या दिवशी हात पेटीकडे जातच नाही. तुमचे ते दोन प्रयत्न आठवून बघा. मला वाटतं, थांबायच्या आधीच्या आठवड्यात ओळीनं दोन-तीन कागद वाया गेले असणार, आणि ते भारीतले असणार.

त्यावर माझा उपाय कात्रीचा आहे. जलरंगाचा पूर्ण कागद २२ × ३० इंचांचा येतो. त्याचे चार केले की ११ × १५, आठ केले की साडेसात × ११, आणि सोळा केले की साडेपाच × साडेसात, म्हणजे साधारण पोस्टकार्डाहून बराच मोठा आणि वहीच्या पानाहून लहान. कागद आणलात की त्याच दिवशी, पिशवीतून काढल्या काढल्या, सगळ्याचे सोळा तुकडे करून टाका. ‘एखादा अख्खा ठेवू, मोठं काम करायला’ असा विचार आला तरी कापा. दोन्ही बाजू धरल्या तर एका कागदात ३२ चित्रं होतात. आठवड्याला चार काढली तरी तो कागद दोन महिने पुरतो, आणि एक तुकडा बिघडला तर जीव जळत नाही.

आता प्रश्न येईल की मग सरावाला साधा ड्रॉइंगचा कागद का नको? नको. इथे मी जरा हट्टी आहे. ग्रेड परीक्षेला आपण सगळ्यांनी तो कागद वापरला, पाणी पडलं की त्याचा पापड व्हायचा, खड्ड्यांमध्ये रंग साचायचा, दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की वरचा थर निघून बारीक गोळ्या व्हायच्या. त्या कागदानं आपल्याला एकच धडा दिला: पाणी कमी वापरा. जलरंगात नेमकं उलटं शिकायचं असतं. ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, जमलं तर पूर्ण कापसाचा, कोल्ड प्रेस म्हणजे मध्यम खरखरीत कागद घ्या. काटकसर करायचीच तर रंगात करा. सुरुवातीला विद्यार्थी दर्जाच्या ट्यूबा पुष्कळ झाल्या.

मांडामांड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. टेबल रिकामं करा, पेपर पसरा, बोर्ड शोधा, चिकटपट्टी लावा, ट्यूबांची झाकणं उघडा (त्यातली दोन चिकटून बसलेली), पाणी आणा, फडकं शोधा. यात वीस मिनिटं जातात आणि आवरायला पंधरा. अर्धा तास रंगवायला पस्तीस मिनिटं उपद्व्याप. माणूस थकून आला की तो हिशेब मनात आपोआप करतो आणि टीव्ही लावतो.

म्हणून मांडलेलं कधी आवरायचंच नाही, अशी सोय करायची. माझ्या घरी वेगळी खोली नाही, स्टुडिओ वगैरे तर नाहीच. स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कडेला, खिडकीपाशी, एक जुना स्टीलचा ताट-ट्रे कायम असतो. त्यात सहा रंगांची पेटी, एक गोल ब्रश १० नंबरचा, एक इंचभर रुंदीचा चपटा, मुरंब्याच्या दोन बरण्या, जुन्या बनियनचं फडकं आणि कापलेले तुकडे. बस्स. पाहुणे आले तर ट्रे उचलून फ्रिजवर जातो, गेले की खाली येतो. ट्यूबमधून रोज रंग पिळायचा नाही. एकदाच पेटीच्या खणांत भरून ठेवायचा आणि सुकू द्यायचा, नंतर वडीसारखा पाण्यानं उठवायचा. काही स्वस्त रंग सुकल्यावर तडकतात आणि खणातून खडे होऊन बाहेर पडतात. भरतानाच एक थेंब ग्लिसरीन मिसळलं की ते थांबतं. औषधाच्या दुकानात मिळतं, पण थेंब म्हणजे थेंबच, जास्त झालं तर रंग चिकट राहतो.

सहा रंग कोणते, तर गॅम्बोज किंवा दुसरा कोणताही स्वच्छ पिवळा, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सायना (विटकरी तपकिरी), अलिझरिन क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि सेरुलियन (आकाशी). अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना एकत्र केले की राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं, त्यामुळे काळी ट्यूब लागत नाही. खरा अलिझरिन उजेडात हळूहळू फिका पडतो, म्हणून भिंतीवर टांगायच्या चित्रात तो नको. ओट्यावरच्या वांग्याला चालतो.

वांग्यावरून आठवलं, काय काढायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सराव मोडण्यात त्याचाही हात असतो. रोज बसल्यावर ‘आज काय काढू’ असा शोध सुरू झाला की दहा मिनिटं फोनवर फोटो बघण्यात जातात आणि तिथून माणूस परत येत नाही. मी महिन्याला एक विषय ठरवते आणि तोच काढत राहते. एका महिन्यात लसूण, एका महिन्यात स्टीलची वाटी, एका महिन्यात समोरच्या घराचं छप्पर. कंटाळा येतो का? तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. सातव्या-आठव्या दिवशी जातो, कारण तोवर वस्तूचं चित्र काढणं संपलेलं असतं आणि तिच्यावरचा उजेड दिसायला लागलेला असतो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून गावी परतले आणि आयुष्यभर कोटितीर्थाचं तळं, रंकाळा, पंचगंगा असा जवळचाच परिसर रंगवत राहिले. शाहू महाराजांचा आश्रय होता, मनात आणलं असतं तर लांब कुठेही जाता आलं असतं. पण कोटितीर्थाचं पाणी रोज वेगळं दिसत असेल, तर जायचं कशाला?

भरताचं वांगं कसं काढायचं ते एकदा सविस्तर सांगते. पंधरा मिनिटांचा खेळ आहे, आणि जलरंगातली निम्मी विद्या त्यात येते.

वांगं खिडकीपाशी ठेवा, उजेड एकाच बाजूनं येऊ द्या, वरचा दिवा बंद. पेन्सिलनं फक्त बाहेरची रेषा आणि चमकेची जागा. ती चमक म्हणजे खिडकीचंच प्रतिबिंब असतं, लहानसा वेडावाकडा चौकोन. तो कागद कोरा सोडायचा. मग अल्ट्रामरीन आणि अलिझरिनचं पातळ जांभळं पाणी चमक सोडून सगळ्या वांग्यावर एका दमात पसरा. आता थांबा आणि कागद डोळ्यांच्या पातळीला आणून तिरका बघा. आधी पाणी आरशासारखं चकाकतं. या वेळी गडद रंग सोडलात तर तो कुठेही पळेल. थोड्या वेळानं आरसा मोडतो आणि नुसती साटीनसारखी मऊ चकाकी उरते. हाच तो क्षण. ब्रशमध्ये दाट रंग घ्या, अगदी सायीसारखा, आणि सावलीच्या बाजूला टेकवा. तो हळूच पसरतो आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबतो, वांग्याला गोलाई येते. चकाकी पूर्ण गेली की हात मागे घ्यायचा. त्यानंतर पाणीदार ब्रश लावलात तर ते पाणी आधीच्या रंगाला ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखी झालर उमटते. माझे विद्यार्थी तिला ‘कोबी आला’ म्हणायचे. नियम एवढाच की ब्रश नेहमी कागदापेक्षा कमी ओला हवा. कागद सुकला की नाही हे बोटांच्या मागच्या बाजूनं बघा: गार लागला तर आत अजून ओल आहे, वरून कितीही कोरडा दिसो. देठाचा हिरवा तो गारवा गेल्यावरच लावायचा, नाहीतर जांभळ्यात उतरतो.

ओट्यावर पडलेली सावली वांग्याचा तळ ओला असतानाच जोडून घ्या, दोन्ही रंग एकमेकांत थोडे मिसळू देत. तिथली कडा हरवली की वांगं ओट्यावर बसतं. कडा राखलीत तर ते हवेत तरंगतं.

तुम्ही इंटरमीजिएटवाले आहात म्हणून एक खास गोष्ट सांगते. आपल्याला शाळेत रंग ‘भरायला’ शिकवलं, मी स्वतःही तेच शिकवलं. रेषा काढा आणि तिच्या आत रंग भरा. स्मरणचित्रात तर कोरा कागद दिसला की गुण जाणार अशी भीती. जलरंगात भरण्यापेक्षा सोडण्याला किंमत आहे: कागद सोडायचा, पाणी सोडायचं, ओल्यात रंग सोडायचा. हाताची जुनी सवय जायला वेळ लागतो. त्यात आणखी एक, ओला रंग दिसतो त्यापेक्षा सुकल्यावर फिका होतो. पहिल्या वर्षी सगळ्यांचीच चित्रं धुतल्यासारखी येतात ती यामुळे. लावताना ‘अरे बापरे, फारच गडद झालं’ असं वाटलं पाहिजे, तेव्हा ते सुकून बरोबर येतं.

आता वेळ. रोजचा नियम करू नका. ‘रोज’ म्हटलं की पहिल्याच लग्नसराईत किंवा मार्चएंडला तो मोडतो, आणि बँकेतल्या माणसाला मार्च काय असतो हे मी सांगायला नको. मग मोडलाच आहे तर राहू दे, असं होतं. आठवड्याला चार दिवस, दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं. कुठले चार ते आठवड्यावर सोडा. पण दिवसातली जागा ठरलेली हवी, आणि ती आधीच होत असलेल्या एखाद्या कामाला चिकटवलेली हवी. माझी जागा कुकर लावल्यापासून तो गार होईपर्यंत. शिट्ट्या झाल्या तरी वाफ जिरायला वेळ लागतोच, तेवढ्यात एक वांगं होतं. तुम्ही सकाळच्या चहाला चिकटवा. आंघोळीच्या आधी, फोन हातात घ्यायच्या आधी.

रात्रीच जमत असेल तर रात्री बसा, पण रंग नका वापरू. पिवळ्या दिव्याखाली पिवळा आणि ऑकर ओळखू येत नाहीत, निळा मेलेला दिसतो, आणि सकाळी चित्र बघून धक्का बसतो. रात्री एकाच रंगात काम करा, सेपिया किंवा बर्न्ट अंबर, दोन्ही गडद तपकिरी. फक्त तीन छटा: कोरा कागद, मधली, गडद. डोळे किलकिले करून वस्तूकडे बघायचं आणि या तिन्हींपैकी काय कुठे जातं ते ठरवायचं. हे नीरस वाटतं, पण माझा हात सुधारला तो यानंच. सहा वर्षांच्या खंडानंतर मी पहिले दोन महिने दुसरं काही केलंच नाही.

ऋतूंचं भान ठेवा. आमच्या साताऱ्याकडे एप्रिल-मेमध्ये वॉश, म्हणजे पसरलेला पातळ रंग, डोळ्यांदेखत सुकतो, वांग्याचा तो साटीनचा क्षण यायच्या आधीच निघून जातो. तेव्हा कागद मागूनही ओला करून ट्रेवर चिकटवावा, तो बराच वेळ ओल धरतो. पावसाळ्यात उलट तऱ्हा. वॉश सुकता सुकत नाही, माणूस कंटाळून घाई करतो आणि कोबी आणतो. दोन तुकडे शेजारी घेऊन बसा, एक सुकेपर्यंत दुसऱ्यावर काम करा. हेअर ड्रायर लावायचा तर चकाकी गेल्यावर आणि लांबून, नाहीतर तो साचलेलं पाणीच ढकलतो. पेटी लगेच बंद करू नका, बुरशी येते. खणावर पांढरी लव दिसली तर वरचा थर ओल्या फडक्यानं पुसून टाका.

आणि कागद सांभाळा. मी एका मे महिन्यात, हौसेनं, आठ चांगले कागद आणले आणि ‘पुढे वापरू’ म्हणून माळ्यावर ठेवले. दोन पावसाळे गेले. काढले तेव्हा दिसायला नवेकोरे. आकाशाचा वॉश घातला आणि ठिकठिकाणी रंग टीपकागदावर पडावा तसा आत शोषला गेला, सगळ्या आकाशाला देवी आल्यासारखे व्रण. कागदाला कारखान्यात खळ दिलेली असते, तिच्यामुळे रंग वर राहतो. दमटपणानं आणि बुरशीनं ती खळ जागोजागी मरते, आणि रंग लागेपर्यंत कळत नाही. तुमच्या कपाटातला कागद लॉकडाउनपासूनचा असेल तर आधी एका कोपऱ्यावर पातळ निळा ओढून बघा. डाग पडले तर तो कागद वाईट वाटून न घेता रात्रीच्या छटांना वापरा. चांगला निघाला तर आज संध्याकाळी कापा. तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात आडवे ठेवा.

खंड पडणारच. तो भरून काढायच्या नादात मोठं, जोरदार ‘पुनरागमनाचं’ चित्र काढायला बसू नका. मी हे दोनदा केलं, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर जाऊन, पाव कागदावर, सगळ्या पायऱ्या आणि झाडं आणि पाण्यातली प्रतिबिंबं घेऊन. दोन्ही वेळा दुपारपर्यंत चिखल झाला आणि पेटी परत सहा महिने बंद. खंडानंतर एखादा जुना बिघडलेला तुकडा उलटा करा आणि त्यावर वाटी काढा. घाटावर जायचंच, जरूर जा, चार जण मिळून महिन्यातून एकदा जा. पण मोडलेला हात दुरुस्त करायला नको. आणि तिथे बसाल तेव्हा कागदावर ऊन पडू देऊ नका, डोळे दिपतात आणि छटांचा अंदाज चुकतो.

वयाचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, ‘आता बेचाळीसाव्या वर्षी काय होणार’. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र तुम्ही छापील स्वरूपात पाहिलं असेल. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात, आणि तेलरंगातलं समजतात. ते जलरंगात आहे, म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. बोटांतून झिरपणारा तो प्रकाश त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास रंगवला. जन्म १८८२ चा. हिशेब करा, बँकेतले आहात.

राहिला साचलेल्या तुकड्यांचा प्रश्न. प्रत्येकाच्या कडेला पेन्सिलनं तारीख आणि एकच शेरा लिहायचा: ‘पाणी जास्त’, ‘सावली उशिरा’, ‘देठ बरा’. लगेच बघत बसायचं नाही, बुटांच्या खोक्यात टाकायचं आणि झाकण लावायचं. म्हणजे सकाळच्या चहाला ते समोर नसतात. महिनाअखेरीला खोकं उघडून सगळे जमिनीवर मांडायचे. एकट्या तुकड्यात दिसत नाही ते पंधरा-सोळा तुकड्यांत दिसतं: शेरे आपसूक बदलत गेलेले असतात. त्यातले दोन ठेवायचे, बाकीचे काढून टाकायचे. आबालालांबद्दल सांगतात की १९२२ साली शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली कित्येक चित्रं कोटितीर्थात सोडून दिली. ते दुःख फार मोठ्या माणसाचं, आपल्याला तळं नको, रद्दी पुरते.

माझे तुकडे तर रद्दीतही जात नाहीत. फिकट वॉशवर बॉलपेन छान उमटतं, म्हणून मी वाणसामानाची यादी त्यावरच लिहिते. पूर्वी वाणी सामानाबरोबर यादी परत द्यायचा. हल्ली देत नाही. त्याच्या गल्ल्यामागे तूरडाळ दोन किलो, पोहे एक किलो असं लिहिलेली तीन वांगी आणि एक अर्धवट घाट खिळ्याला टोचून ठेवलाय.